सत्तर अंशांना चालणं आणि सत्तर अंशांना टिकणं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या एका कॉलेजात एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीने कळमना बाजारात, कुजलेल्या बटाट्यांच्या ढिगाखालच्या मातीतून बॅसिलस जातीचा एक जिवाणू वेगळा केला. त्याचं अमायलेज (स्टार्च तोडणारं एन्झाइम) ७० अंश सेल्सिअसला सगळ्यांत जास्त काम करतं. पण तेच एन्झाइम स्टार्चशिवाय, नुसत्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ७० अंशांना अर्धा तास ठेवलं तर त्याची १२ टक्केच ताकद उरते. पंधरा दिवसांनी तोच प्रयोग पुन्हा केला तर ६० टक्के उरली. गाइड म्हणतात, ऑप्टिमम (सगळ्यांत जास्त कामाचं तापमान) ७० आहे, बिनधास्त 'थर्मोस्टेबल' (उष्णतेत टिकणारं) लिही. विभागातल्या दुसऱ्या मॅडम म्हणतात, अजिबात लिहू नको. आणि एक सीनियर म्हणतो की उनकेश्वरच्या गरम कुंडातून नमुना आणला असता तर ही वेळच आली नसती.

माझ्या मुलीच्या वयाची असशील, म्हणून 'तू' म्हणतो. मी आधी काही वर्षं मक्याच्या स्टार्चच्या कारखान्यात होतो, नंतर बरीच वर्षं एन्झाइमच्या प्रयोगशाळेत. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

आधी मॅडमच्या बाजूने बोलतो. ऑप्टिमम ७० आहे म्हणून एन्झाइम ७० ला टिकतं, असं होत नाही. किंबहुना 'ऑप्टिमम तापमान' हा एन्झाइमचा जन्मजात गुण नाहीच. तो तुझ्या घड्याळाचाही गुण आहे. तू असे (assay, म्हणजे एन्झाइमचं काम मोजायची चाचणी) १० मिनिटांची केलीस म्हणून ७० आलं. दोन मिनिटांची केली असतीस तर कदाचित ८० आलं असतं, आणि तासाभराची केली असतीस तर ६० च्या आसपास. आकडे घालून दाखवतो, कारण हे एकदा हाताने केलं की डोक्यात पक्कं बसतं.

अर्ध्या तासात १२ टक्के उरले, म्हणजे साधारण १०० चे ५०, ५० चे २५, २५ चे साडेबारा. तीन वेळा निम्मं झालं. म्हणून ७० अंशांना तुझ्या एन्झाइमचं अर्धायुष्य १० मिनिटांच्या आसपास. आता समज, ८० अंशांना हेच अर्धायुष्य दीड मिनिट आहे. हा माझा अंदाज, पण वावगा नाही. कारण प्रथिन बिघडण्याचा वेग तापमानाबरोबर फार झपाट्याने चढतो. दहा अंशांत पाच ते दहा पट सहज. उलट स्टार्च तोडण्याचा वेग दहा अंशांमागे दीड-दोन पटच वाढतो. आपण १.६ धरू. ७० ला सुरुवातीचा वेग मिनिटाला १ धरला, तर १० मिनिटांत न बिघडता १० एकक साखर निघाली असती. एन्झाइम वाटेत मरत जातं म्हणून प्रत्यक्षात ७.२ निघते. ८० ला वेग १.६, पण पहिल्या काही मिनिटांतच खेळ संपतो आणि हाती ३.४ च लागतात. तू आलेख काढतेस आणि म्हणतेस, ऑप्टिमम ७०. आता हीच असे दोन मिनिटांची कर. ७० ला १.८७ आणि ८० ला २.०९. झाला ऑप्टिमम ८०! एन्झाइम तेच, बाटली तीच, फक्त स्टॉपवॉच बदललं.

(असेच्या नळीत स्टार्च असतं आणि स्टार्च एन्झाइमला थोडं सांभाळून घेतं, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे इतके वाईट येत नाहीत. मुद्दा मात्र तोच राहतो.)

म्हणून थिसिसमध्ये 'ऑप्टिमम ७०' लिहिताना पुढे '१० मिनिटांच्या असेमध्ये' हे शब्द हवेतच. आणि 'थर्मोस्टेबल' हा शब्द नुसता लिहूच नको. किती अंशांना, किती पीएचला, कशात विरघळवून, कॅल्शियम किती असताना, किती मिनिटांत निम्मं झालं, हे लिही. मग विशेषण वाचणारा स्वतः लावेल.

आता तुझ्या दुसऱ्या दिवसाकडे येतो, कारण खरी मजा तिथे आहे. अर्ध्या तासानंतर १२ च्या जागी ६० टक्के, म्हणजे अर्धायुष्य १० वरून ४० मिनिटांवर गेलं. चौपट. पिपेटिंगच्या चुकीने असा फरक पडत नाही. मला पहिला संशय कॅल्शियमचा आहे, आणि तो का, हे सांगायला एक जुना प्रसंग सांगतो.

मे महिना होता. पारा ४५ च्या पुढे. आमच्या प्रयोगशाळेतल्या डिस्टिलेशन युनिटची कॉइल जळाली आणि चार दिवस दुरुस्तीला माणूस आला नाही. एका मुलाने ॲसिटेट बफर करायला बोअरचं पाणी घेतलं आणि हे कोणालाच सांगितलं नाही. त्या आठवड्यात आमचं अमायलेज असं काही टिकायला लागलं की आम्ही नवीन स्ट्रेन मिळाल्याच्या आनंदात होतो. पेढे आणायचेच बाकी होते. कॉइल दुरुस्त झाली, शुद्ध पाणी परत आलं आणि एन्झाइम पहिल्यासारखं पटापट मरायला लागलं. बोअरच्या पाण्याने किटलीच्या तळाशी जो पांढरा थर धरतो ना, त्यातलं कॅल्शियम आमच्या अमायलेजला जगवत होतं. जड पाण्याने कपड्याला फेस येत नाही म्हणून आपण शिव्या घालतो. अमायलेजला मात्र ते मानवतं.

कारण रचनेत आहे. बॅसिलसच्या अल्फा-अमायलेजचे तीन भाग असतात. 'ए' हा मुख्य भाग पिंपासारखा: आत आठ पट्ट्या, बाहेर आठ वेटोळी. याच पिंपात स्टार्च तोडणारी तीन अमिनो आम्लं बसलेली असतात, दोन ॲस्पार्टेट आणि एक ग्लुटामेट. 'बी' हा भाग पिंपाच्या तिसऱ्या पट्टीनंतर बाहेर आलेला एक मोठा फुगवटा आहे. 'सी' शेवटी वेगळा बसतो. स्टार्चची साखळी जिथे बसते ती खाच 'ए' आणि 'बी' यांच्या मधोमध, आणि कॅल्शियमचा अणू नेमका याच सांध्यावर. दाराच्या बिजागरीतल्या खिळ्यासारखं समज. खिळा असेपर्यंत दार चौकटीत नीट बसतं. खिळा गेला की दार पडत नाही लगेच, पण हलायला लागतं, आणि उष्णता म्हणजे त्या दाराला सतत लागणारे धक्के. बॅसिलस लायकेनिफॉर्मिसच्या अमायलेजची क्ष-किरण रचना १९९० च्या दशकात मिळाली. त्यात याच सांध्यावर कॅल्शियम, सोडियम आणि पुन्हा कॅल्शियम अशी तीन धातूंची ओळ दिसली. कॅल्शियम काढून घेतलेल्या रेणूत त्या भागातल्या साखळ्या विस्कटलेल्या होत्या.

म्हणून आता तुझं रजिस्टर उघड आणि दोन्ही दिवशीचा बफर बघ. फॉस्फेट वापरला असशील, तर तो कॅल्शियमला धरून बसतो, आणि गरम केलं की कॅल्शियम फॉस्फेट खाली बसतं. कधी कधी नळी किंचित गढूळ दिसते, पण बहुतेक वेळा लक्षात येत नाही. सायट्रेट तर कॅल्शियम ओढण्यात पटाईत. ट्रिस बफरची गंमत वेगळी. तापमान चढलं की त्याचा पीएच दर अंशाला ०.०२८ च्या आसपास उतरतो. २५ अंशांना साडेसात पीएचचा ट्रिस तू ७० वर नेलास तर तो सव्वासहाच्या जवळ येतो. म्हणजे तू लिहितेस 'पीएच ७.५' आणि एन्झाइम बिचारं भलत्याच पाण्यात बसलेलं असतं. त्यात आपल्याकडे मे महिन्यात 'रूम टेम्परेचर' म्हणजे काय, हाही एक प्रश्नच आहे. कूलर बंद असलेल्या खोलीत टेबलावर ३८-४० अंशांना तासभर ठेवलेला स्टॉक आणि बर्फात ठेवलेला स्टॉक एक नव्हे. मॉप्स किंवा पाईप्स बफर वापर. महाग वाटत असेल तर पीएच साडेपाचपर्यंत ॲसिटेट चालेल. आणि पीएच त्या तापमानालाच मोज.

दुसरी शंका डायल्यूशनची. कल्चरच्या मूळ द्रवात मीडियातलं (जिवाणू वाढवायच्या खाद्यातलं) कॅल्शियम असतं, इतर प्रथिनं असतात, उरलेलं स्टार्च असतं. तोच द्रव तू एका दिवशी पाचपट पातळ केलास आणि दुसऱ्या दिवशी पन्नासपट, तर टिकाव बदलणारच. पातळ केलं की कॅल्शियमही पातळ होतं, मग सांध्यातून निसटलेलं कॅल्शियम परत येऊन बसायची शक्यता कमी होते. तुझ्या मेलमध्ये डायल्यूशनचा उल्लेखच नाही. हे मला खटकलं.

तिसरी शंका प्रोटीएजची, म्हणजे प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमची, आणि ही लोक हमखास विसरतात. बॅसिलस अमायलेज एकटं कधीच सोडत नाही. सोबत प्रथिनं खाणारी एन्झाइम्सही सोडतो. ५०-६० अंशांना ती छान काम करतात आणि उष्णतेने थोडं सैल झालेलं अमायलेज त्यांना आयतं मिळतं. मग 'उष्णतेने मेलं' असं तू म्हणतेस, पण खरं तर ते खाल्लं गेलेलं असतं. पीएमएसएफ (सेरीन प्रोटीएज बंद पाडणारं रसायन) घालून एक नळी लाव. टिकाव वाढला तर सेरीन प्रोटीएजचा हात आहे. ईडीटीए (धातू ओढून घेणारं रसायन) घालून धातूवाले प्रोटीएज थांबवायचा मोह होईल, पण ईडीटीए तुझ्या अमायलेजचंही कॅल्शियम काढून घेईल. त्या नळीवरून प्रोटीएजबद्दल काहीच सिद्ध होणार नाही.

तर आता काय कर. एकाच दिवशी, एकाच स्टॉकमधून, एकाच डायल्यूशनने चार संच लाव. एक नुसत्या बफरमध्ये. दुसऱ्यात ५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड, म्हणजे डायहायड्रेट असेल तर लिटरला ०.७४ ग्रॅम. तिसऱ्यात ५ मिलिमोलर ईडीटीए. चौथ्यात १ टक्का स्टार्च. ७० अंशांना ०, २, ५, १०, २०, ३०, ६० मिनिटांना थोडं थोडं काढून थेट बर्फात टाक, आणि सगळ्यांची उरलेली ताकद एकाच कमी तापमानाला, समज ४० ला, मोज. एक अर्ध्या तासाचा बिंदू घेऊन 'रेसिड्युअल ॲक्टिव्हिटी' लिहिणं ही आपल्याकडची फार जुनी खोड आहे; त्यावरून वक्राचा आकार कळत नाही.

उरलेल्या ताकदीचा नैसर्गिक लॉग (ln) काढून वेळेसमोर ठेवल्यावर सरळ रेघ आली तर उतारावरून अर्धायुष्य काढ: ०.६९३ भागिले तो दर. रेघ मध्येच वाकली, आधी पटकन उतरली आणि मग संथ झाली, तर खूश हो, कारण काहीतरी सापडलंय. एक तर द्रवात दोन अमायलेज आहेत, किंवा काही रेणूंत कॅल्शियम आहे आणि काहींत नाही. कॅल्शियम घातलेल्या संचात तीच रेघ सरळ झाली तर उत्तर हातात आलं.

शून्य मिनिटाबद्दल एक सूचना. काचेच्या मोठ्या टेस्ट ट्यूबमध्ये ५ मिली द्रव घेऊन वॉटर बाथमध्ये ठेवलास तर तो ७० ला पोचायलाच दोन-तीन मिनिटं जातात. अर्धायुष्य १० मिनिटांचं असेल तर ही दोन-तीन मिनिटं थोडी नाहीत. ९० अंशांना उघड्या नळीतून पाणीही उडतं आणि उरलेलं एन्झाइम दाट होऊन 'टिकल्यासारखं' दिसतं. यावर सोपा उपाय तुमच्या विभागातच धूळ खात पडला असेल: पीसीआर मशीन. पन्नास-पन्नास मायक्रोलिटर पातळ नळ्यांत घे, झाकण गरम ठेव, तापमान सेकंदांत पोचतं आणि एकाच वेळी ६० ते ८० अंशांची उतरंडही लावता येते. पीसीआर मशीन फक्त डीएनएसाठीच, असं कोणी म्हणालं तर त्यांना चहा पाज आणि परवानगी घे.

डीएनएस असेचं (सुटलेली साखर रंगावरून मोजायची चाचणी) फार लिहीत नाही, ती तुला येत असणार. पण प्रत्येक तापमानाला वेगळा ब्लँक (तुलनेसाठीची कोरी नळी) हवा, आणि कॅल्शियम व ईडीटीएच्या संचांनाही वेगळे. शिवाय डीएनएस साखळीची सुटी झालेली टोकं मोजतं, आणि आयोडीन निळा रंग जाण्यावरून लांब साखळ्या तुटल्याचं मोजतं. अल्फा-अमायलेज साखळी मध्येच कुठेही तोडतं, त्यामुळे आयोडीनचा रंग आधी जातो आणि साखर मागाहून वाढते. दोन्ही असेंचे टक्के तंतोतंत जुळले नाहीत तर घाबरू नको.

आता सीनियरच्या उनकेश्वरबद्दल. किनवट तालुक्यातलं हे गरम पाण्याचं कुंड आपल्याकडच्या सगळ्या मायक्रोबायोलॉजीवाल्यांचं तीर्थक्षेत्र आहे. तिथे जा, दर्शन घे, नमुना आण, माझं काही म्हणणं नाही. थॉमस ब्रॉक यांना १९६० च्या दशकात यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत थर्मस ॲक्वाटिकस सापडला आणि तेव्हापासून 'गरम जागा, गरम एन्झाइम' हे समीकरण रूढ झालं. ते खोटं नाही. गरम पाण्यात राहणाऱ्याची सगळीच प्रथिनं उष्णता सोसणारी असावी लागतात. पण याच्या उलट विधान खरं नाही. जगातल्या स्टार्च कारखान्यांनी ज्या अमायलेजवर अनेक दशकं काढली, ते बॅसिलस लायकेनिफॉर्मिसचं. हा जिवाणू साध्या मातीत आणि पक्ष्यांच्या पिसांवर राहतो. ५०-५५ अंशांच्या वर त्याला स्वतःला वाढता येत नाही. त्याचं अमायलेज मात्र ९० अंशांना तासन्‌तास उभं राहतं. पेशीच्या बाहेर टाकायची प्रथिनं कणखर असण्याची कारणं तापमानाशिवाय इतरही असतात. बाहेर प्रोटीएजचा सुळसुळाट असतो, सैल प्रथिन तिथे टिकत नाही. म्हणून कळमन्याच्या बटाट्याखालची माती ही काही कमी प्रतीची जागा नव्हे. स्टार्च आहे, ओल आहे, नागपूरचं ऊन आहे. मी असतो तर मीही तिथेच गेलो असतो, आणि येताना संत्रीही आणली असती.

बॅसिलसच्या तीन अमायलेजची तुलना या विषयातली माझी सगळ्यांत आवडती गोष्ट आहे. ॲमायलोलिक्विफेसियन्स, स्टिअरोथर्मोफिलस (आता जिओबॅसिलस म्हणतात) आणि लायकेनिफॉर्मिस. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये ॲलेक्झांडर क्लिबानोव यांच्या गटाने १९८८ मध्ये ही तिन्ही ९० अंशांना, साडेसहाच्या आसपास पीएच ठेवून तपासली. अर्धायुष्यं साधारण अशी: पहिल्याचं २ मिनिटं, दुसऱ्याचं ५०, तिसऱ्याचं २७०. आता गंमत बघ. पहिला आणि तिसरा जवळचे नातेवाईक, त्यांच्या अमिनो आम्लांची माळ ८० टक्क्यांच्या आसपास सारखी. तरी टिकावात शंभर पटींहून जास्त फरक. आणि ज्याच्या नावातच 'उष्णताप्रेमी' आहे तो जिवाणू मधल्या नंबरवर! नावावर जाऊ नये ते असं.

फरक कुठे असेल? पहिल्यांदा सगळ्यांच्या डोक्यात डायसल्फाइड बंध (दोन सिस्टीनांमधले बंध) येतात, कारण पाठ्यपुस्तकात तेच शिकवतात. पण लायकेनिफॉर्मिसच्या अमायलेजमध्ये सिस्टीन एकही नाही, म्हणजे तो प्रश्नच मिटला. क्लिबानोव गटाने बोट ठेवलं ते काही मोजक्या लायसिनांच्या क्षारबंधांवर: धन आणि ऋण भाराच्या जोड्या, ज्या रेणूला उलगडू देत नाहीत. पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, जपानी संशोधकांनी उलट्या दिशेने काम केलं. त्यांनी ॲमायलोलिक्विफेसियन्सच्या दुबळ्या अमायलेजमधून 'बी' भागाजवळची दोन आम्लं, आर्जिनीन १७६ आणि ग्लायसीन १७७, काढून टाकली आणि २६९ व्या जागच्या लायसिनाऐवजी ॲलानीन बसवलं. टिकाव खूप वाढला. ती दोन आम्लं लायकेनिफॉर्मिसमध्ये मुळातच नाहीत. म्हणजे पाचशेच्या आसपास मण्यांच्या माळेत दोन मणी जास्तीचे होते आणि तेच घात करत होते. ते मणी कुठे होते? पुन्हा त्याच 'ए'-'बी' सांध्याजवळच्या वळणात.

नंतरच्या कामात तर लायकेनिफॉर्मिसचं अमायलेजही आणखी कणखर करता आलं. १३३ व्या जागचं हिस्टिडीन आणि २०९ व्या जागचं ॲलानीन बदलून व्हॅलीन केलं, १९० ची ॲस्पॅराजीनही बदलली. ॲस्पॅराजीन बदलण्यामागे साधा हिशोब आहे. खूप उष्णतेत ॲस्पॅराजीन आणि ग्लुटामीन हळूहळू अमोनिया गमावतात आणि तिथे नको असलेला ऋण भार तयार होतो. हा बदल कायमचा, थंड करून परत येत नाही. उकडलेलं अंडं फ्रिजमध्ये ठेवलं म्हणून कच्चं होत नाही, तसंच. आणि हे लक्षात ठेव, तू बर्फात टाकून मग मोजतेस, म्हणजे तू फक्त न परतणारा बिघाड मोजतेस. ७० अंशांना थोडं सैल होऊन थंड केल्यावर परत घडी बसणारे रेणू तुझ्या हिशोबात 'जिवंत' धरले जातात.

बरं, ७० ला अर्धायुष्य १० मिनिटं म्हणजे वाईट का? हे कामावर अवलंबून आहे, आणि इथे तुझ्या गाइडना थोडा दिलासा मिळेल.

कारखान्यात मक्याचं स्टार्च पाण्यात ३०-३५ टक्के घट्ट कालवतात. घरी गव्हाचा चीक शिजवताना तू पाहिलं असशील: थंड असतो तोवर पातळ दुधासारखा, आणि साठ-पासष्ट अंशांच्या पुढे गेला की बघता बघता इतका घट्ट की चाटू हलत नाही. थंड स्टार्चच्या कणाला एन्झाइम फारसं शिवू शकत नाही. कण फुगून फुटला की मगच साखळ्या हाती येतात. पण तेव्हाच तो इतका घट्ट होतो की पंप चालत नाही. म्हणून एन्झाइम आधीच घालतात आणि वाफेच्या जेटने १०५ अंशांना पाचेक मिनिटं नेतात, मग ९५ च्या आसपास तास-दोन तास ठेवतात. इथे तुझं एन्झाइम नाही टिकणार, हे उघड आहे. इतक्या दाट लगद्यात कुठलंही अमायलेज पातळ बफरपेक्षा बरंच जास्त टिकतं, तरीही नाही. तिथे कॅल्शियमही घालतात, जुन्या पद्धतीत ४० पीपीएमच्या आसपास, म्हणजे १ मिलिमोलर. ते कॅल्शियम पुढे त्रास देतं: यंत्रात थर धरतं आणि ग्लुकोजचं फ्रुक्टोज करणाऱ्या एन्झाइमला अडवतं, म्हणून पुन्हा काढावं लागतं. शिवाय पीएच सहापर्यंत चढवायचा आणि पुढच्या टप्प्यासाठी साडेचारला उतरवायचा. माझी कारखान्यातली अर्धी नोकरी या चढ-उतारात गेली. आम्लात आणि कमी कॅल्शियममध्ये टिकणाऱ्या अमायलेजला इतका भाव का आहे, ते यावरून कळेल.

पण कापडाकडे बघ. नागपूरकरांना एम्प्रेस मिल आठवते, १८७७ ला सुरू झालेली. मागावर ताण्याचं सूत तुटू नये म्हणून त्याला स्टार्चची खळ देतात आणि रंगवण्याआधी ती धुऊन काढावी लागते. जिवाणूंचं अमायलेज उद्योगात आलं ते याच कामासाठी. बोइदँ आणि एफ्रों या दोघांची पद्धत १९१७ ची. ६०-७० अंशांच्या पाण्यात, कॅल्शियमसह, खळ काढायला तुझं एन्झाइम चालण्यासारखं आहे. आणि पावात तर टिकाऊपणा हा दोष ठरतो. भट्टीतही न मरणारं अमायलेज पावाचं स्टार्च तोडतच राहतं आणि आतला भाग चिकट, ओला लागतो. तिथे साधारण ६०-६५ अंशांना निमूटपणे मरणारं बुरशीचं अमायलेज हवं असतं. त्यामुळे थिसिसच्या चर्चेच्या भागात 'औद्योगिक उपयोगास योग्य' हे ठोकळेबाज वाक्य टाकू नको. कुठल्या उद्योगाला, ते लिही.

दोन दिवसांच्या १२ आणि ६० ची सरासरी काढून ३६ लिहायचा विचार मनात आला असेल, तर तो काढून टाक. परीक्षकाने एरर बार बघून प्रश्न विचारला तर तुझ्याकडे उत्तर नसेल. दोन्ही आकडे वेगळे ठेव, चार संचांचा प्रयोग मध्ये घाल, आणि कॅल्शियमच्या संचात ६० आले तर तो पूर्ण भाग थिसिसमधला सगळ्यांत चांगला भाग होईल.

पण त्याआधी एक फुकटचं काम कर. दुसऱ्या दिवशी बफर कुठल्या कॅनमधून केला ते विचार. डिस्टिल्डचा कॅन संपला होता का, कोणी आरओचं किंवा नळाचं पाणी भरून ठेवलं होतं का. कॅन अजून तसाच असेल तर त्यातल्या पाण्याची कंडक्टिव्हिटी मोज आणि मला आकडा कळव.